ड्रॉवर अडकतोय, लटकतोय की निसटतोय? नवीन फर्निचर घेण्याआधी आतली पट्टी एकदा बघा

"तो ड्रॉवर जरा उचलून ओढा, नाहीतर उघडत नाही."

घरी आलेल्या पाहुण्याला ही सूचना दिली जात नाही असं घर सापडणं अवघड आहे. कुठे चमच्यांचा ड्रॉवर अर्ध्यावर येऊन थांबतो. कुठे जुन्या सागवानी टेबलाचा खण जून लागला की कुलूप घातल्यासारखा बसतो आणि दिवाळीनंतरच मोकळा होतो. कुठे मॉड्युलर किचनमधला डब्यांचा ड्रॉवर ओढल्यावर एका बाजूने तिरका खाली येतो आणि एक दिवस थेट पायावर पडतो.

असं झालं की घरातला निष्कर्ष ठरलेला असतो. "फर्निचर गेलं, आता नवीनच करू." पण बहुतेक वेळा ड्रॉवरची पेटी ठणठणीत असते. बिघाड असतो तो तिला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये, चार-सहा स्क्रूंमध्ये किंवा ते स्क्रू ज्या लाकडात बसलेत त्या लाकडात. यातली बरीच दुरुस्ती एका सुट्टीच्या सकाळी, स्क्रू ड्रायव्हर आणि मेणबत्तीच्या जोरावर होते. साध्या चॅनेलची नवी जोडी घ्यायची झाली तरी ती काहीशे रुपयांत मिळते.

मात्र ड्रॉवर मजबूत करताना एक गोष्ट विसरली तर घरातल्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. तीही आपण बघणार आहोत. सुरुवात करू ड्रॉवरच्या खालून.

तुमच्या ड्रॉवरला आत नेमकं काय आहे?

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि बाजूंना बघा. आपल्याकडच्या घरांत साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला, लाकडी पट्टी. जुनी टेबलं, शिसवी-सागवानी कपाटं, आजीचं ड्रेसिंग टेबल यांत खण सरळ लाकडावर घसरतो. खणाच्या बाजूच्या फळीची खालची कड एका लाकडी पट्टीवर टेकलेली असते. काही ठिकाणी बाजूच्या फळीला खाच असते आणि कपाटाला ठोकलेली पट्टी त्या खाचेत फिरते.

दुसरा, रोलर चॅनेल. पांढऱ्या किंवा क्रीम रंगाची पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचं छोटं चाक. स्वस्त स्टडी टेबलं आणि तयार मिळणाऱ्या कॉम्प्युटर टेबलांमध्ये हे हमखास असतं. वजन कमी पेलतं आणि ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही.

तिसरा, टेलिस्कोपिक चॅनेल. एकात एक सरकणाऱ्या स्टीलच्या तीन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये बारीक गोळ्या, म्हणजे बॉल बेअरिंग. गेल्या काही वर्षांत सुताराने केलेल्या बहुतेक फर्निचरमध्ये हेच दिसतं. बाजूने दिसणारी उंची साधारण ४५ मिलीमीटर. ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो, त्यामुळे मागच्या कोपऱ्यातली वस्तूही दिसते.

चौथा, ड्रॉवरच्या तळाखाली लपलेलं सॉफ्ट क्लोज चॅनेल. ड्रॉवर बंद करताना शेवटच्या दोन इंचांत तो स्वतःच हळू होतो आणि आवाज न करता आत जातो. महागड्या मॉड्युलर किचनमध्ये हे असतं. त्यातला डॅम्पर बिघडला तर घरी उघडत बसण्यापेक्षा तो भाग किंवा पूर्ण जोडीच बदलणं शहाणपणाचं.

लाकडी खण पावसाळ्यातच का रुसतो?

लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून कपाटात बसवलं तरी ते हवेतलं पाणी शोषतं आणि सोडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असतं. आर्द्रता ९० टक्क्यांजवळ जाऊन तिथेच टिकली, तर ते प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जातं. मुंबई आणि कोकणातला जुलै महिना आठवा, म्हणजे लाकडावर काय वेळ येते ते कळेल.

गंमत अशी की लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळपास तेवढंच राहतं. रेषांना आडवं मात्र ते फुगतं. खणाच्या बाजूच्या फळीत रेषा पुढून मागे जातात. त्यामुळे पावसाळ्यात खण लांब होत नाही, उंच होतो. सहा-सात इंच उंचीची सागवानी फळीसुद्धा एक ते दोन मिलीमीटरने वाढू शकते. खण आणि वरच्या चौकटीमधली फट तेवढीच असेल, तर खण घट्ट बसणारच. आणि सागवान हे कमी फुगणाऱ्या लाकडांपैकी एक आहे. इतर लाकडांची अवस्था याहून वाईट असते.

म्हणून पहिला नियम: भर पावसाळ्यात खणावर रंधा मारू नका. जुलैमध्ये तासून नीट बसवलेला खण मे महिन्यात खुळखुळा होतो. पावसाळ्यात मेण लावून काम चालवा, घासलं जाणारं ठिकाण पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि तासायचं ते हिवाळ्यात बघा.

सरळ ओढला तरी अर्ध्यावर का अडकतो?

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. रुंद ड्रॉवर एकाच बाजूने ओढला की तो किंचित तिरका होतो. मग त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे चौकटीला घट्ट टेकतात. जितकं जोरात ओढाल, तितके ते कोपरे जास्त रुततात. म्हणजे जोर लावणं इथे उपायच नाही, तो आजार वाढवतो.

ड्रॉवर जसजसा बाहेर येतो, तसतशी चौकटीच्या आत राहिलेली त्याची लांबी कमी होते. आतली लांबी जितकी कमी, तितका तो सहज तिरका होतो. त्यामुळे सुरुवातीला गुळगुळीत येणारा ड्रॉवर शेवटी अडकतो. रुंदीला जास्त आणि खोलीला कमी असलेल्या ड्रॉवरमध्ये ही तक्रार सर्वाधिक दिसते.

यावर उपाय दोन. दोन्ही हातांनी किंवा बरोबर मधोमध धरून ओढणं, आणि घर्षण कमी करणं. रुंद ड्रॉवरला एका टोकाला बसलेली मूठ असेल तर ती मध्यावर आणा.

दुरुस्तीआधी दहा मिनिटांची तपासणी

थेट ड्रिल मशीन हातात घेण्याआधी ड्रॉवर रिकामा करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, कारण मागे पडलेला चमचा, बिल किंवा पेनाचं टोपण वाट अडवून बसलेलं असतं. त्यानंतर लक्षणं बघा.

* रिकामा नीट चालतो, भरल्यावर अडकतो: तळ वाकला असण्याची शक्यता जास्त. ड्रॉवरखाली हात घालून बघा, मध्ये पोट आलं असेल तर उत्तर मिळालं.
* पुढून खाली झुकतो: चॅनेलचे पुढचे स्क्रू सैल झालेत. लाकडी खण असेल तर पट्टी पुढच्या बाजूला झिजली आहे.
* एका बाजूने वर, एका बाजूने खाली: दोन्ही चॅनेल एका उंचीवर नाहीत, किंवा एकाच बाजूचे स्क्रू सुटलेत.
* कर्रकर्र आवाज, धक्के देत चालतो: गोळ्यांमध्ये कचरा, गंज, किंवा काही गोळ्याच गायब.
* बंद केल्यावर आपोआप थोडा उघडतो: चॅनेल मागे उतरतं बसण्याऐवजी पुढे उतरतं बसलंय, किंवा कपाटच पुढे कललंय.
* पेटीचे कोपरे हलतात: दोष चॅनेलचा नाही, पेटीचे सांधे सुटलेत.

शेवटची एक मोजणी महत्त्वाची. टेपने ड्रॉवरचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरकं समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली तर पेटी काटकोनात आहे. दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी पेटी सरळ करून चिकटवा. वाकड्या पेटीला नवं चॅनेल लावलं तरी ती वाकडीच चालणार.

लाकडावर बारीक गोल छिद्रं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर लाकडात कीड आहे. मातीचे माग दिसले तर वाळवी आहे. अशा वेळी दुरुस्ती नंतर, आधी कीडनाशक.

लाकडी पट्टीचा उपाय: मेणबत्ती आणि सनमायकाचा तुकडा

खण बाहेर काढा, पट्टी आणि खणाची कड कोरड्या फडक्याने पुसा. कुठे घासतं ते कळत नसेल तर पट्टीवर खडू फासा आणि खण दोन-तीनदा आत-बाहेर करा. जिथे खडू लागेल तिथे अडचण आहे. त्या जागी बारीक पॉलिश पेपर, १२० नंबरचा चालेल, रेषांच्या दिशेने फिरवा. मग साधी पांढरी मेणबत्ती दोन्ही घासणाऱ्या पृष्ठांवर जोरात घासा. एवढ्याने बरेच खण पुन्हा चालू लागतात.

इथे खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नका. पहिले चार दिवस छान वाटतं. नंतर तेल लाकडात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि चिकट राप तयार होतो. साबणाची वडी घासण्याचा सल्लाही दिला जातो, पण साबण दमटपणा ओढतो. आपल्या हवेला मेणच बरं.

पट्टी झिजून तिच्यात खोलगट वाट पडली असेल, तर मेण पुरणार नाही. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

१. पट्टी स्क्रूने बसवलेली असेल तर काढून उलटी बसवा. न झिजलेली बाजू वर येईल.

२. झीज एक-दोन मिलीमीटर असेल तर त्या पट्टीवर सनमायकाची अरुंद चिरफळी चिकटवा. घरात फर्निचरचं काम झालं की सनमायकाचे तुकडे उरतातच. साधारण एक मिलीमीटर जाडीचा हा तुकडा गेलेली उंची भरून काढतो आणि कठीण, गुळगुळीत असल्याने खण त्यावर सहज घसरतो. कडा घासून गोल करा, नाहीतर त्या लाकूड खरवडतील.

३. खणाच्या फळीची कडच झिजली असेल तर तिथे कठीण लाकडाची पातळ पट्टी फेव्हिकॉलने चिकटवा, दोरीने किंवा क्लॅम्पने रात्रभर आवळून ठेवा आणि सुकल्यावर तासून पातळीत आणा.

जुन्या खणांच्या आतल्या बाजूला बहुधा पॉलिश केलेलंच नसतं. कोरड्या हवेत या बाजूंनाही सीलर किंवा पॉलिशचा एक हात दिला, तर पुढच्या पावसाळ्यात दमटपणा हळू शिरतो. घासणाऱ्या कडांवर मात्र पॉलिश नको, मेणच ठेवा.

टेलिस्कोपिक चॅनेल: तेल ओतण्याआधी पुसा

ड्रॉवर काढण्यासाठी तो पूर्ण बाहेर ओढा. दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकची लांबट कळ दिसेल. बहुतेक चॅनेलमध्ये एका बाजूची कळ वर उचलायची असते आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची. दोन्ही एकदम दाबून ड्रॉवर सरळ ओढला की बाहेर येतो. रोलर चॅनेलमध्ये कळ नसते. तिथे ड्रॉवर शेवटपर्यंत ओढून पुढचा भाग वर उचलायचा, की चाकं सुटतात.

आता गोळ्यांच्या पट्टीत बघा. पीठ, केस, बुरा, तेलकट काजळी यांचा थर असेल. जुना टूथब्रश आणि सुकं फडकं यांनी तो काढा. काजळी चिकट असेल तर फडक्यावर थोडं रॉकेल किंवा थिनर घेऊन पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा.

मग येतो डब्ल्यूडी-४०चा प्रश्न. हे नाव 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजे पाणी हटवणं, यावरून आलंय आणि ४० हा यशस्वी ठरलेल्या प्रयत्नाचा आकडा. अमेरिकेत १९५३ मध्ये ते मुळात धातूला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झालं. गंजलेली पट्टी मोकळी करायला आणि घाण सोडवायला ते उत्तम. पण त्याचा थर पातळ असतो आणि तो फार काळ वंगणाचं काम करत नाही. त्यामुळे ते मारून पुसून घ्या आणि नंतर सिलिकॉन स्प्रे किंवा अगदी चिमूटभर पांढरं ग्रीस लावा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ.

परत बसवताना एक काळजी घ्या. मधल्या पट्टीतली गोळ्यांची जाळी बोटाने ओढून पुढच्या टोकाला आणा, मगच ड्रॉवरची पट्टी सरळ आत सरकवा. जाळी मागे राहिली आणि ड्रॉवर जोरात ढकलला, तर ती वाकते, गोळ्या जमिनीवर विखुरतात आणि चॅनेल कायमचं जातं. गळालेल्या गोळ्या परत बसवण्याच्या भानगडीत न पडता जोडीच बदलणं परवडतं.

स्क्रू फिरतोय, पण धरत नाही

घरोघरची सर्वात मोठी तक्रार हीच. यामागचं गणितही समजून घेण्यासारखं आहे.

समजा, २० इंची ड्रॉवरमध्ये २० किलो सामान सारखं पसरलंय. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की वजनाचा मध्य कपाटाच्या १० इंच बाहेर जातो. आता हे वजन एखाद्या तरफेसारखं काम करतं. चॅनेलचा सर्वात मागचा स्क्रू वर ओढला जातो आणि पुढचा स्क्रू खाली दाबला जातो. दोन्ही बाजूंच्या पुढच्या स्क्रूंवर मिळून २० नाही, तर ३० किलोंहून जास्त जोर येतो. म्हणून पुढचे स्क्रू आधी सैल होतात. पार्टिकल बोर्ड असेल तर आणखी लवकर, कारण तो मुळात लाकडाचा भुसा आणि चिकटपदार्थ दाबून केलेला असतो. त्यात स्क्रूचे आटे एकदा चुरले की धरायला काही उरत नाही.

उपाय लाकडानुसार बदलतो.

* सागवान किंवा प्लायवूड: स्क्रू काढा. आगपेटीच्या काड्यांची गुलं तोडून काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि छिद्रात ठासून भरा. एक दिवस सुकू द्या. वर आलेला भाग कापून टाका, बारीक ड्रिलने मध्यभागी छिद्र पाडा आणि स्क्रू पुन्हा बसवा.
* पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ: इथे काड्या फार टिकत नाहीत. छिद्र ८ मिलीमीटरपर्यंत मोठं करून त्यात गोल लाकडी गुल्ली फेव्हिकॉल लावून बसवा, सुकल्यावर तिच्यात स्क्रू घ्या. गुल्ली नसेल तर एपॉक्सीची पुटी भरून, ती पूर्ण कडक झाल्यावर ड्रिल करा.
* पाण्याने फुगलेला बोर्ड: सिंकखालचा बोर्ड फुगून भुसभुशीत झाला असेल तर कुठलीही गुल्ली धरणार नाही. पलीकडची बाजू दिसणारी नसेल तर आरपार छिद्र पाडून चपट्या डोक्याचे नट-बोल्ट वापरा. नाहीतर ती उभी फळीच बदलावी लागेल.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, लांब स्क्रू म्हणजे मजबुती असं नाही. १८ मिलीमीटरच्या बोर्डात १६ मिलीमीटरपेक्षा लांब स्क्रू घेतला तर टोक पलीकडे निघतं, आणि पलीकडे दुसरा ड्रॉवर असेल तर तो ओरखडतो. दोन, स्क्रूचं डोकं चॅनेलच्या पृष्ठाबरोबर बसलं पाहिजे. डोकं वर राहिलं तर आतली पट्टी दर वेळी त्यावर आदळते. "नवं चॅनेल लावलं तरी अडकतंय" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

नवं चॅनेल लावायचंय? मग सूत आणि मिलीमीटर सांभाळा

सुताराच्या भाषेत एक इंच म्हणजे आठ सूत. टेलिस्कोपिक चॅनेलला ड्रॉवरच्या प्रत्येक बाजूला चार सूत, म्हणजे अर्धा इंच जागा लागते. थोडक्यात, कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा ड्रॉवर एक इंचाने, म्हणजे साधारण २५ ते २६ मिलीमीटरने लहान हवा. जागा एक मिलीमीटरने जास्त झाली तर चालून जातं. कमी झाली तर चॅनेल आवळलं जातं आणि गोळ्या झिजतात. जागा जास्तच असेल तर चॅनेलच्या मागे सनमायका किंवा पातळ प्लायचा तुकडा भरा.

म्हणूनच जुन्या लाकडी खणाला नुसतं चॅनेल ठोकता येत नाही. त्याच्या बाजूला ही जागाच नसते. त्यासाठी आतली पेटी एक इंच अरुंद करून नवी बनवावी लागते. जुनी दर्शनी फळी आणि मूठ तीच ठेवली की बाहेरून कपाट जसंच्या तसं दिसतं.

लांबी इंचात मिळते: १०, १२, १४, १६, १८, २०, २२, २४. कपाटाची आतली खोली मोजा आणि त्यात मावेल असं, पण ड्रॉवरच्या पेटीपेक्षा लांब नसेल असं माप घ्या. जुनं चॅनेल दुकानात सोबत नेलं तर चूक होत नाही. समुद्राजवळच्या घरात किंवा सिंकखाली लावायचं असेल तर स्टेनलेस स्टीलचं चॅनेल आणि स्टेनलेसचेच स्क्रू मागा. साधा स्क्रू आधी गंजतो आणि चॅनेल चांगलं असूनही सुटतं.

दोन्ही चॅनेल एका उंचीवर आणण्यासाठी पट्टीने खुणा करत बसण्यापेक्षा प्लायचा एक तुकडा हव्या त्या उंचीचा कापा. तो कपाटात उभा करा, त्यावर चॅनेल टेकवा, दोन स्क्रू लावा. तोच तुकडा दुसऱ्या बाजूला न्या. उंची आपोआप सारखी येते.

चॅनेलमध्ये गोल छिद्रांशिवाय लांबट फटीही असतात. पहिले स्क्रू नेहमी या फटींत लावा, कारण त्यात चॅनेल थोडं वर-खाली किंवा पुढे-मागे सरकवता येतं. ड्रॉवर घालून बघा, दर्शनी फळी सरळ दिसते का ते तपासा, आणि सगळं जमल्यावरच गोल छिद्रांत स्क्रू आवळा. हे शेवटचे स्क्रू राहून गेले तर महिनाभरात ड्रॉवर पुन्हा झुकतो.

मजबुती फक्त चॅनेलने येत नाही

चॅनेलच्या खोक्यावर ३५ किंवा ४५ किलो असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही. शिवाय वजन सारखं पसरलेलं आहे आणि ड्रॉवर हळू उघडला जातो, हे त्यात गृहीत असतं. त्यातूनच ड्रॉवरचं स्वतःचं वजनही वजा करावं लागतं.

दुसरा कमजोर दुवा म्हणजे तळ. खालून चुका मारून बसवलेला चार किंवा सहा मिलीमीटरचा प्लाय धान्याच्या डब्यांखाली हळूहळू वाकतो आणि चौकटीला घासू लागतो. वाकलेला तळ काढून उलटा बसवा आणि खालून मधोमध, पुढून मागे एक लाकडी पट्टी फेव्हिकॉल व स्क्रूने जोडा. ती ड्रॉवर बंद होताना कुठे आदळत नाही ना, हे बघा. जड सामानाच्या ड्रॉवरला ९ किंवा १२ मिलीमीटरचा तळ चांगला. सिंकजवळच्या भागासाठी आयएस ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय वापरतात.

तिसरा उपाय फुकटातला. मिक्सरची भांडी, खलबत्ता, धान्याचे डबे सर्वात खालच्या ड्रॉवरमध्ये आणि शक्यतो मागच्या बाजूला ठेवा. हलक्या वस्तू वर आणि पुढे.

आणि आता सर्वात महत्त्वाचं: मजबूत ड्रॉवर कपाट पाडू शकतो

जुना लाकडी खण अर्धा बाहेर येऊन अडायचा. त्रासदायक होतं, पण वजन कपाटाच्या पायात राहायचं. त्याच कपाटाला पूर्ण उघडणारं टेलिस्कोपिक चॅनेल लावलं की अख्खं वजन कपाटाच्या बाहेर येतं. तीन ड्रॉवर एकदम उघडे राहिले किंवा एखादं मूल खालच्या ड्रॉवरवर पायरीसारखं चढलं, तर पूर्ण कपाट पुढे कोसळू शकतं.

ही भीती कल्पनेतली नाही. जून २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेत 'माल्म' मालिकेसह सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलांचे मृत्यू झाले होते. कॅलिफोर्नियातल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर कंपनीने त्याच्या आईवडिलांना ४ कोटी ६० लाख डॉलर देण्याचं जानेवारी २०२० मध्ये मान्य केलं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत 'स्टर्डी' कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून तिथे अशा कपाटांना सक्तीचे निकष लागू झाले. भरलेले ड्रॉवर, एकाच वेळी उघडे ड्रॉवर, गालिच्यावर ठेवलेलं कपाट आणि ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन, हे सगळं आता चाचणीत धरलं जातं.

सुताराने करून दिलेल्या कपाटाची अशी चाचणी कुणी घेत नाही. म्हणून हे काम घरातच करायचं. सुट्या उभ्या कपाटाच्या वरच्या बाजूला मागून दोन एल अँगल लावा. भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून गिट्टी ठोका आणि स्क्रू आवळा. नुसत्या प्लास्टरमध्ये नाही, तर आतल्या विटेपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत. छिद्र पाडण्याआधी आतून वायर किंवा पाण्याचा पाइप गेलेला नाही ना, हे बघा. भाड्याच्या घरात घरमालकाला विचारून घ्या. दोन छिद्रं नंतर पुटीने बुजतात.

आणि मुलांना आवडणाऱ्या वस्तू, खेळणी, चॉकलेट, टीव्हीचा रिमोट, कपाटाच्या डोक्यावर ठेवू नका. मूल चढतं ते त्यासाठीच.

सुताराला कधी बोलवायचं?

पेटीचे सांधे सुटलेत, उभी फळी फुगली आहे, जुन्या कपाटाला नवी पेटी बसवायची आहे किंवा तळाखालचं सॉफ्ट क्लोज चॅनेल बिघडलंय, तर माहितगार माणूसच हवा. पण त्याला "सगळं बदला" असं सांगण्याआधी तुम्हाला नेमका बिघाड सांगता आला पाहिजे. "पुढचे स्क्रू धरत नाहीत, बोर्ड चांगला आहे" हे वाक्य आणि "ड्रॉवर खराब झालाय" हे वाक्य, या दोघांच्या बिलात बराच फरक पडतो.

बाकी, ड्रॉवर उचलून ओढण्याची सवय झाली असेल तर ती आज मोडा. उचलून ओढलेला प्रत्येक ड्रॉवर आपले स्क्रू रोज थोडे थोडे सैल करत असतो. आज तो रिकामा करून उलटा केलात तर काम काड्या आणि फेव्हिकॉलवर भागेल. पायावर पडेपर्यंत थांबलात तर चॅनेलबरोबर फळीही बदलावी लागेल.